अनीशची ओटी

अनीश बालीतल्या मुलीशी लग्न करतोय हे कळल्यावर सुधाकरभाऊजींनी मुलीचं गोत्र विचारलं नाही, वय विचारलं नाही, रंग तर मुळीच विचारला नाही. कोरान्ने घराण्यात असं प्रथमच घडत होतं, त्यामुळे वसुंधराबाईंना जरा धास्तीच वाटली. भाऊजींनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "जमीन किती आहे?"

"कोणाची?"

"मुलीच्या बापाची हो, वहिनी. एकुलती एक आहे म्हणता ना? मग सगळं आपल्या अनीशचंच झालं की. बालीत जमीन! लोक तिथे हनीमूनला जातात, आपण कब्जा घ्यायला जाऊ."

वसुंधराबाईंनी बशी उचलून मोरीत ठेवली. त्यांचा दीर बँकेतून निवृत्त झाल्यापासून जगातल्या सगळ्या सुखदुःखांकडे तारण म्हणून काय ठेवता येईल, ह्याच नजरेने बघत असे. आधीही बघतच असणार, पण तेव्हा निदान पगार मिळायचा.

घर इंदूरच्या मल्हारगंजात, बड़ा गणपतीकडे निघणाऱ्या एका गल्लीत. खाली सुधाकरभाऊजी, त्यांची बायको इंदुमती आणि मुलगा समीर. वर वसुंधराबाई आणि त्यांची मुलगी निधी; मुलगा अनीश नोकरीपायी परदेशात. खालीच, रस्त्याकडच्या खोलीत निधीची लॅब. लॅब म्हटलं की लोकांना रक्त-लघवी आठवते, म्हणून सांगायला हवं की निधी दात बनवायची. शहरातले डॉक्टर तोंडांचे साचे पाठवायचे आणि ती कवळ्या करून परत पाठवायची. भाऊजींचे वरचे सगळे दात तिच्याच हातचे होते. तिच्याविरुद्ध ते जे काही बोलत ते त्याच दातांनी बोलत, आणि उच्चार अगदी स्वच्छ असत.

वसुंधराबाईंचे यजमान लक्ष्मीकांतराव सहा वर्षांपूर्वी गेले तेव्हापासून पुतण्याच्या, म्हणजे समीरच्या डोक्यात एक कॉम्प्लेक्स उभं होतं. तळघरात पार्किंग, खाली शोरूम, वर कोचिंग क्लास. बिल्डर तयार होता. त्याची अट एवढीच की प्लॉट पूर्ण हवा, वरच्या मजल्यासकट. वसुंधराबाई नाही म्हणत होत्या. अनीशही परदेशातून नाही म्हणत होता. निधीला कुणी विचारत नव्हतं, कारण ती काय, आज ना उद्या जाणार. निधी चौतीस वर्षांची होती.

तर बाली. अनीश धान्य साफ करायच्या यंत्रांच्या कंपनीत होता. यंत्र विकलं गेलं की ते बसवायला अनीश जायचा. असंच एक यंत्र बसवायला तो बालीच्या तबानान भागात तेगलसारी नावाच्या खेड्यात गेला. यंत्र बसलं, चालू झालं, पण अनीश परत येईना. भातगिरणीच्या ऑफिसात सुकर्ती नावाची मुलगी होती. यंत्राची गॅरंटी संपत आली तरी तो तिथे देखभालीला जातच होता.

"हिंदूच आहेत ना पण? मग काय हरकत आहे," इंदुमती म्हणाली.

"हरकत?" भाऊजी म्हणाले, "अगं, समुद्र किती लांब आहे ते विचार."

त्या रविवारी वरच्या मजल्यावर सगळ्यांसमोर व्हिडिओ कॉल झाला. अनीशच्या मागे उतरत जाणारी भातखाचरं दिसत होती. भाऊजी फोनवर असे वाकले होते जणू हाताने मोजणी करणार आहेत.

"आई, एक छोटीशी गोष्ट आहे," अनीश म्हणाला.

मुलं छोटीशी गोष्ट म्हणाली की वसुंधराबाई बसून घ्यायच्या. शाळेत पंचवीस वर्षं शिकवून त्यांना एवढं कळलं होतं.

"इकडे काय असतं, की ज्या घरात मुलगा नाही ना, तिथे एका मुलीला मुलगा करतात."

"करतात म्हणजे?"

"मानतात. पूजा-बिजा करून. मग ती त्या घरचा पुरुष. घर तिच्याकडे, देव तिच्याकडे, पितर तिच्याकडे. आणि लग्न करून जो येतो तो..."

"तो काय?"

मागे कुठेतरी कोंबडा आरवला.

"तो सून," अनीश म्हणाला.

समीर हसला, मग बापाकडे बघून हसायचा थांबला. भाऊजींनी मात्र धीर सोडला नाही. माणूस सून असो की जावई, सातबारा शेवटी सातबाराच.

"बेटा, ते सोड. जमीन तुझ्या नावावर कधी होते?"

"होत नाही, काका. घराची जागा गावाची असते. राहायचं, पण विकायचं नाही. बदल्यात गावचं काम करायचं. देऊळ झाडायचं, सणाला मांडव घालायचा, कुणी गेलं तर जायचं. जे घर हे करायला माणूस ठेवत नाही, त्याची जागा गाव परत घेतं. म्हणून तर सुकर्ती लग्न करून बाहेर नाही जाऊ शकत. ती गेली तर तिच्या आईबाबांनंतर घरच मिटलं."

"आणि ते मागे हिरवं दिसतंय ते?"

"ते शेत घरचंय. सुकर्तीचं होणार."

"आणि तुझं?"

"माझं काय, मी आहेच की."

भाऊजी हळूहळू सरळ बसले. नंतर ते म्हणाले की त्यांच्या कमरेतून कळ गेली, पण वसुंधराबाईंना ती कळ कुठून कुठे गेली ते स्वच्छ दिसलं होतं.

"आणि आई," अनीश म्हणाला, "ते लोक इंदूरला येणार आहेत. मला मागायला. आणि जो जातो त्याने आपल्या घरच्या देवांचा निरोप घ्यायचा असतो, तोपण कार्यक्रम आपल्याकडेच होईल. निरोप घेतला की मग त्या घरावर त्याचा हक्क राहत नाही. असा त्यांच्या गावचा नियम आहे."

पुढचे दोन दिवस वसुंधराबाई नीट जेवल्या नाहीत. त्यांना राग येत होता, पण नेमका कुणाचा ते ठरत नव्हतं. मुलगा सून होऊन चालला ह्याचा म्हणावा, तर त्या स्वतः नागपूरच्या कुमुद होत्या आणि लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहून कोणीतरी त्यांना वसुंधरा करून टाकलं होतं. तेव्हा घरात कुणाचं जेवण सुटलं नव्हतं. उलट पंगती उठल्या होत्या.

"तुझं नाव बदलणार का रे ते?" त्यांनी अनीशला फोन करून विचारलं.

"नाही गं."

"मग माझ्यापेक्षा स्वस्तात सुटलास," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि त्या दिवशी वरण-भात खाल्ला.

खाली भाऊजींचं वेगळंच चाललं होतं. इज्जतीचा प्रश्न होता. एक दिवस ते तोडगा घेऊन वर आले.

"वहिनी, लोकांना सांगू की दत्तक गेला. इंदूरच्या माणसाला दत्तक कळतं. संस्थानात किती झालं. सांगू, तिकडच्या राजघराण्यात दत्तक गेला."

"भाऊजी, त्या माणसाकडे एक पॉवर टिलर आहे आणि काही कोंबडे."

"ते इथून कुणाला दिसतंय?"

"ते इथे येणार आहेत ना, मागायला. राजाचा मुकुट कोण घालणार, समीर?"

भाऊजींनी दत्तकाचा विषय सोडला. पण ते उठले नाहीत. त्यांनी देवघराकडे बघितलं.

देवघर म्हणजे भिंतीतलं कपाट. त्यात चांदीचे टाक होते, पत्र्यावर उठवलेले कोरान्न्यांच्या कुळाचे देव. ते थोरल्या घरी असायचे. थोरला गेला की त्याच्या मुलाकडे. अनीश परदेशी, त्यामुळे लक्ष्मीकांतराव गेल्यापासून टाकांना पाणी घालणं, नवरात्रात घट बसवणं, सगळं निधीच करत होती. पण 'अनीशच्या वतीने' करत होती. संकल्पात नाव अनीशचं, गुडघे निधीचे.

"एक साधी गोष्ट आहे," भाऊजी म्हणाले. "अनीश निरोप घेतोय. घेऊ दे. तो नियम मला पटतो. ह्या एका बाबतीत ते लोक समजदार वाटतात. पण मग थोरल्या घरी मुलगा कोण? कोणीच नाही. म्हणजे देव खाली यायला पाहिजेत, समीरकडे. आणि देव जिथे, घर तिथे. बाबा असंच म्हणायचे."

"बाबा हेही म्हणायचे की सुधाकर बोलायला लागला की काहीतरी मागणार."

"चेष्टा नाही, वहिनी. मी कायद्याचं बोलतच नाहीये. कायद्याने मजला तुमचा, मला माहीतय. मी रीतीचं बोलतोय. रीत पाळली की बाकीचं सगळं समजुतीने होतं. निधी काय, आज ना उद्या जाईल. तुम्ही एकट्या वर काय करणार? समीर तुम्हाला त्याच कॉम्प्लेक्समध्ये एक बढिया फ्लॅट देईल. लिफ्टवाला."

"देव पण लिफ्टने जातील का?"

"त्या दिवशीच उरकून घेऊ. पाहुणे आहेत, गुरुजी आहेत. अनीशने निरोप घेतला की समीर ताम्हन उचलून खाली नेईल. चार लोकांसमोर झालं की बरं असतं."

एवढं बोलून ते गेले. वसुंधराबाई जिना उतरून लॅबमध्ये गेल्या. राग कुणाचा, ते आता ठरलं होतं.

निधी पॉलिशच्या मोटारीवर कवळी घासत होती. तोंडाला मास्क, केसांवर पांढरी धूळ. आईने सगळं सांगितलं. तिने मोटार बंद केली नाही.

"देऊन टाक ना, आई. देव पण, मजला पण. रोजची किटकिट. मी गावाबाहेर राऊला फ्लॅट बघते. लॅबला जागा पण मोठी मिळेल."

"तुला हवंय का हे घर?"

"मला कायको विचारतेस? मला कुणी विचारलंय कधी?"

"आत्ता विचारतेय."

मोटार थांबली. निधीने मास्क खाली ओढला. मास्कखालचा तेवढाच चेहरा स्वच्छ होता.

"हवंय," ती म्हणाली. "इथला प्रत्येक नळ मी बदललाय. बाबांना शेवटी इथून उचलून खाली मीच आणलं, समीर गाडी काढत होता. देवांना रोज आंघोळ मी घालते आणि नाव त्याचं घेते. हवंय म्हणजे काय, माझंच आहे. पण असं बोलायचं नसतं ना आपल्यात."

"बोललीस की," वसुंधराबाई म्हणाल्या आणि वर गेल्या.

वर जाऊन त्यांनी सुकर्तीला फोन लावला. सुकर्तीची इंग्रजी बरी होती आणि हिंदी टीव्हीवरच्या मालिका बघून आलेली, त्यामुळे ती साधं 'हो' म्हणतानाही जरा नाट्यमय व्हायची.

"बेटी, तुझे लड़का बनाया मतलब क्या किया?"

"कुछ नहीं, माँजी! फूल, चावल, पूजा. फिर बाबा ने गाँव की मीटिंग में बोला, अब ये हमारा बेटा है."

"फिर गाँव ने क्या किया?"

"सुन लिया."

"बस?"

"बस. फिर गाँव ने काम दिया. मंदिर की सीढ़ी धोने का."

वसुंधराबाईंना ही पद्धत पसंत पडली. फूल, तांदूळ घरात होते. गावही होतं, रोज खाली ओट्यांवर बसलेलं असायचं.

पाहुणे फेब्रुवारीत आले, सुकर्ती आणि तिचे वडील; अनीशही बरोबर होता. सुकर्तीचे वडील न्योमान हे बुटके, काळेसावळे, कमी बोलणारे गृहस्थ होते; डोक्याला पांढरं फडकं, कमरेला लुंगीसारखं वस्त्र आणि वर इंदूरच्या थंडीसाठी विमानतळावर घेतलेला स्वेटर. बायको घरचे देव आणि कोंबडे सोडून येऊ शकली नव्हती. न्योमानांनी आल्या आल्या नारळाच्या पात्यांच्या छोट्या द्रोणांत फुलं आणि तांदूळ घालून एकेका उंबऱ्यापुढे ठेवले. निधीच्या लॅबपुढे ठेवला, समोरच्या पुखराज भियांच्या भांड्याच्या दुकानापुढेही ठेवला. पुखराज भियांना कळेना हे काय आहे, पण दिवसभर ते त्याला वळसा घालून ये-जा करत राहिले.

"भाभीजी," ते खालून ओरडून म्हणाले, "सुना लड़की वाले लड़का लेने आए हैं?"

"हौ भिया, ले जा रहे हैं."

"चलो अच्छा है, कोई तो ले जा रहा है! हमारा तो पड़ा-पड़ा रील देखता है."

अनीश हसत होता. तो काळवंडला होता आणि खुशीत दिसत होता. वसुंधराबाईंना ते बघून जरा वाईट वाटलं. मुलगी सासरी जाताना निदान रडते तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यक्रम होता. वरच्या खोलीत सतरंज्या, देवघरापुढे शाम गुरुजी, ताम्हनात टाक. स्टुलावर फोन उभा केलेला, कारण तेगलसारीच्या वस्तीचे मुखिया तिकडून साक्षीला होते. न्योमान हात जोडून बसले आणि त्यांच्या वतीने मुखियांनी फोनवरून मागणी घातली. खूप लांब, चढउतारांची, गाण्यासारखी मागणी. ती सुकर्तीने इंग्रजीत केली तेव्हा निम्मी झाली आणि निधीने मराठीत आणेपर्यंत एकच वाक्य उरलं.

"ते म्हणतायत, आमच्याकडे दिवा लावायला माणूस नाही, तुमचा द्या."

"दिला," वसुंधराबाई म्हणाल्या.

भाऊजी भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी घसा साफ केला. "म्हणजे वहिनी, असं एकदम..."

"मागून घेतायत, भाऊजी. मला तर न मागता दिलं होतं."

गुरुजींनी निरोपाची पूजा सांगितली. शास्त्रात असा विधी नाही असं ते आधी म्हणाले होते, पण मग त्यांनी मुंज, सीमांतपूजन आणि प्रवासाला निघायचा संकल्प यांचं मिळून काहीतरी जुळवलं आणि ते बरं जमलं. अनीशने टाकांना हळदकुंकू वाहिलं, डोकं टेकलं आणि तो तसाच जरा जास्त वेळ राहिला. डोकं वर केलं तेव्हा खुशी उतरली होती. वसुंधराबाईंचा जीव थाऱ्यावर आला.

"आता ओटी," त्या म्हणाल्या.

"कोणाची?" गुरुजींनी विचारलं.

"जाणाऱ्याची. आपल्याकडे मुलगी सासरी निघाली की ओटी भरतात. हा निघालाय."

खोलीत कुजबुज झाली. इंदुमती सूप घेऊन उभी राहिली. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी तिनेच सकाळी मांडून ठेवलं होतं. घरात सवाष्ण तीच.

"इंदू, बस खाली," भाऊजी म्हणाले. "पुरुषाची ओटी भरायची? कोरान्न्यांच्या घरात? तू हात लावायचा नाहीस."

इंदुमती नवऱ्याकडे बघत उभीच राहिली, मग खाली बसली. सूप मात्र तिने वसुंधराबाईंच्या बाजूला सरकवलं.

वसुंधराबाई उठल्या. नवरा गेल्यापासून त्यांनी कुणाची ओटी भरली नव्हती; त्यांना कुणी बोलावलंही नव्हतं, आणि लग्नघरात त्या सूप दिसलं की आपणहून मागच्या रांगेत जात. आता त्या सूप घेऊन सगळ्यांच्या मधून चालत आल्या.

"मोठी आई, तुम्ही?" समीर म्हणाला. "मतलब... चालतं का?"

"बघ चालतं का," त्या म्हणाल्या. "अनीश, पुढे हो. उपरणं पसर."

अनीशने उपरण्याची झोळी केली. त्यांनी ओंजळीने तांदूळ घातले, नारळ ठेवला, सुपारी ठेवली. खणाऐवजी लक्ष्मीकांतरावांचा एक धुवट पांढरा सदरा घडी करून ठेवला. आकाश कोसळलं नाही. न्योमानांनी सुकर्तीला हळूच काही विचारलं, तिने उत्तर दिलं, आणि त्यांनी हे योग्य चाललंय अशी मान हलवली.

"तिकडे नीट राहा," वसुंधराबाई म्हणाल्या. "सासूला उलट बोलू नकोस. स्वयंपाक शिकून घे."

अनीश आता मात्र रडला.

भाऊजींना वाटलं, जे व्हायचं ते होऊन गेलं, आता कामाला लागावं. ते उठले. "ठीक आहे. झाला निरोप. थोरल्या घरी आता मुलगा नाही, हे सगळ्यांसमोर झालं. समीर, ताम्हन उचल. खाली चौरंग मांडलाय."

समीर पुढे झाला. वसुंधराबाई त्याच्या आणि देवघराच्या मध्ये आल्या. त्यांनी भिंतीला टेकवलेला पाट घेतला, ज्यावर आधी सासरे आणि मग लक्ष्मीकांतराव बसत, आणि तो ताम्हनापुढे ठेवला.

"निधी, बस."

"आई..."

"बस म्हणते ना. हात धुतलेयस?"

निधी बसली.

"गुरुजी, संकल्प सांगा. ह्या घरची मुलगी होती, आजपासून मुलगा. नाव निधी लक्ष्मीकांत कोरान्ने. स्वतःच्या नावाने. वतीने-बितीने आता बंद."

गुरुजींनी भाऊजींकडे पाहिलं. "वसुंधराबाई, ही पद्धत बालीची आहे. इथे कशी लागू होणार?"

"अर्धी लागू झालीच ना आत्ता, गुरुजी? जो गेला त्याचा हक्क गेला, हा नियम भाऊजींना पटला. तोही बालीचाच आहे. मग उरलेला अर्धा पण घ्या. नियम काय रद्दीसारखा हवा तेवढा फाडून घेता येतो?"

"वहिनी!" भाऊजी म्हणाले. "त्यांच्याकडे मुलगा नसतो तेव्हा करतात. इथे समीर आहे!"

"समीर तुमच्याकडे आहे. माझ्याकडे आता मुलगा नाही असं तुम्हीच म्हणालात. चार लोकांसमोर."

खोलीतल्या चार लोकांनी ते ऐकलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. सुकर्ती फोनमध्ये हळूच सगळं सांगत होती; स्टुलावरून मुखियांनी काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात?" भाऊजींनी खेकसून विचारलं.

सुकर्ती जरा संकोचली. "पूछ रहे हैं, इतना लेट क्यों किया."

गुरुजींनी खाली बघून पळी सारखी केली आणि संकल्प सुरू केला. नावाच्या जागी ते थांबले, वसुंधराबाईंकडे बघितलं आणि निधीचं नाव घेतलं. निधीने पाणी सोडलं.

"असं घरात बसून काही होत नाही," भाऊजी म्हणाले. आवाज चढला होता. "लोकांचा विचार करा. लोक काय म्हणतील?"

"विचारते की," वसुंधराबाई म्हणाल्या. "लोक खालीच आहेत."

त्या गॅलरीत गेल्या. पाहुण्यांना बघायला आणि दाल-बाफल्यांच्या वासाने निम्मी गल्ली ओट्यांवर जमलेली होती. वसुंधराबाईंनी वर्गात बोलावं तसं, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल असं बोलायला सुरुवात केली.

"सुनो जी सब लोग! हमारा अनीश हमने दे दिया. आज से इस घर का लड़का निधी है. देव भी उसके पास, ऊपर का मकान भी उसके पास. किसी को कुछ बोलना है?"

कोणीतरी स्कूटर बंद केली. मग पुखराज भिया द्रोणाला वळसा घालून रस्त्याच्या मध्यावर आले.

"बोलना क्या है, भाभी. छह साल से वो ही तो है ऊपर. आपको आज मालूम पड़ा?"

"और कोई?"

"हौ, एक बात," कोपऱ्यातून आवाज आला. "बाफले ठंडे हो रिये हैं!"

हशा झाला, पण तो भाऊजींना हवा तसला नव्हता. वसुंधराबाई आत आल्या.

"ऐकलं लोकांनी," त्या म्हणाल्या.

निधी तीर्थ द्यायला उठली. तीर्थ घरच्या कर्त्याच्या हातून घ्यायचं आणि घेतलं की मानलं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणून आधी कुणी हललं नाही. मग इंदुमती उठली, पदर खांद्यावर ओढून पुढे आली आणि तिने उजवा तळवा पसरला. पाणी प्यायली, उरलेला ओला हात डोळ्यांना लावला. नवऱ्याकडे तिने बघितलं नाही. तिच्यामागे न्योमान आले, मग अनीश आला. बहिणीपुढे हात करताना तो जरा लाजला.

"मी हे मानत नाही, वहिनी," भाऊजी दारातून म्हणाले. "स्वच्छ सांगतो. कधीच मानणार नाही."

"नका मानू. समीरच्या बिल्डरला मात्र कळवा की वरच्या मजल्यावर पुरुषमाणूस आहे. बोलायचं असेल तर तिच्याशी बोलावं."

समीरने बापाकडे पाहिलं, ताम्हनाकडे पाहिलं, खालून येणाऱ्या तुपाच्या वासाचाही बहुधा विचार केला.

"निधीताई," तो हळूच म्हणाला, "मंगळवारी त्याची मीटिंग होती. काय सांगू?"

"नाही म्हणून सांग," निधी म्हणाली. "हात पुढे कर."

भाऊजी जिना उतरून गेले. समीर जिन्याकडे बघत उभा राहिला. निधीने पळी भरली, तो हात पुढे करतो का ते क्षणभर पाहिलं, आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या सुकर्तीच्या हातावर तीर्थ घातलं.